पुढच्या दोन खोल्या

खीरदान झालं, भन्तेजी आशीर्वाद देऊन निघाले, वस्तीतली माणसं जेवून पांगली, आणि मंगलाबाईंनी पदराला हात पुसत सांगितलं की आता घरातलं कोणी उठायचं नाही.

त्यांच्या नवऱ्याच्या, हिरालालांच्या, दुसऱ्या स्मृतिदिनाला तिन्ही मुलं शहापूरला आली होती. थोरला विनोद बायकोला, रत्नमालेला, घेऊन नागपूरहून आला होता. धाकट्या धम्मदीपनं साकोलीतलं औषधाचं दुकान दिवसभर बंद ठेवलं होतं. मधली भावना इथंच असायची. तिनं लग्न केलं नव्हतं. भंडाऱ्यातल्या एका लॅबमध्ये ती रक्त तपासायची आणि उरलेला सगळा वेळ या घराच्या पुढच्या दोन खोल्यांत घालवायची. घराबाहेरचा माणूस एकच होता, लाखनीचे कर सल्लागार घनश्याम. तेही हात जोडून निघाले होते, पण मंगलाबाईंनी त्यांना थांबवलं.

"तुमी बी बसा, भाऊ. तुमच्यासमोरच बोलाचं आहे."

घनश्याम बसले. मंगलाबाई खुर्चीवर बसल्या नाहीत, हिरालाल बसायचे त्या दिवाणाच्या कडेला टेकल्या आणि म्हणाल्या, "हे घर मले संस्थेले द्यायचं आहे. वापराले नाही. देऊनच टाकाचं."

धम्मदीपनं भावनाकडे पाहिलं, कारण त्याला वाटलं तिला हे आधीच माहीत असेल. भावनाला काहीच माहीत नव्हतं. विनोद पायातल्या सॉक्सकडे बघत राहिला.

या घराच्या पुढच्या खोल्या तशा फार वर्षांपासून घरच्यांच्या राहिल्याच नव्हत्या. त्याची सुरुवात कामिनीच्या जाण्यातून झाली. कामिनी विनोदच्या पाठची. लहानपणापासून तिचे सांधे दुखायचे, डोळे पिवळे व्हायचे. कुणी वात म्हणायचं, कुणी कावीळ. सिकलसेल हा रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा शब्द घरात आला तेव्हा ती कॉलेजात जायला लागली होती, आणि तो शब्द सगळ्यांच्या जिभेवर नीट बसेपर्यंत ती गेली. नंतर डॉक्टरांनी हिरालाल आणि मंगलाबाई, दोघांचंही रक्त तपासलं. दोघंही वाहक निघाले. आयुष्यात दोघांपैकी कुणाला त्याचा त्रास झाला नव्हता. तो सगळा मुलीच्या वाट्याला गेला होता.

टपाल खात्यातून निवृत्त झाल्यावर हिरालालांनी पुढच्या खोल्या उघड्या ठेवायला सुरुवात केली. लाखनी-साकोलीकडची आजारी पोरं नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात जाता-येता हायवेवर उतरून इथं टेकायची. प्यायला पाणी, शेकायला गरम पिशवी, रक्त देणाऱ्या माणसांचे फोन, आणि लग्न ठरायच्या आधी दोघांचं रक्त तपासा असं प्रत्येकाला सांगणं, एवढंच ते काम होतं. हिरालाल गेल्यावर भावनानं ते धरून ठेवलं. लोक प्रेमानं मदत पाठवायचे. ती भावनाच्या स्वतःच्या बँक खात्यात यायची, तिथूनच औषधांवर खर्च व्हायची, आणि गेल्या वर्षी आयकर खात्यानं तिला नोटीस पाठवून विचारलं की हे तुमचं उत्पन्न आहे का.

तेव्हापासून घनश्याम या घरात येऊ लागले. त्यांनी नोटिशीला उत्तर दिलं, एकेका पावतीचा हिशेब लावून तो विषय मिटवला, पण भावनाला त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं. चांगल्या कामासाठी आलेला पैसासुद्धा तुझ्या खात्यात आला की कायद्याला तो तुझाच वाटतो. संस्था असेल, तिचं वेगळं पॅनकार्ड, वेगळं खातं असेल, दरवर्षी लेखापरीक्षण होत असेल, तरच तो पैसा कामाचा धरला जातो. तेव्हा नोंदणी करा.

त्या नोंदणीचं बोलणं सुरू झालं होतं. घर देऊन टाकायचं बोलणं मात्र आज पहिल्यांदा निघालं.

---

विनोद उशिरा बोलला आणि हळू बोलला. त्यानं घनश्यामना विचारलं की नोंदणीसाठी घर संस्थेच्या नावावर असावंच लागतं का. घनश्याम म्हणाले, तसं नाही. पत्त्यासाठी घरमालकाचं नाहरकत पत्र पुरतं. भंडाऱ्याच्या धर्मादाय कार्यालयात तेवढ्यावर काम होतं.

"मंग झालं तर," विनोद म्हणाला. "आई, आपन नाहरकत देऊ. मी आजच सही करतो. घर घरच्या नावावर राहू दे."

"नाहरकत कधीबी वापस घेता येते," मंगलाबाई म्हणाल्या.

"कोन घेनार आहे वापस?"

"मी असतपर्यंत कोनी नाही घेनार."

पुढचं त्या बोलल्या नाहीत, पण खोलीतल्या प्रत्येकाला ते ऐकू आलं. हायवे रुंद झाल्यापासून शहापुरात रस्त्याकडेच्या जागेला कोण कशी नजर लावून बसलंय, हे सगळ्यांना ठाऊक होतं. शेजारच्या घराचं तोंड फोडून तिथं दुकानाचे गाळे झाले होते.

धम्मदीपनं आईची बाजू घेतली. त्यानं सांगितलं की बाबांनाही हेच हवं होतं, आणि मला या घरातलं काही नको, मी कुठंही सही करतो. घनश्यामनी त्याला थांबवून सगळ्यांना नीट समजावलं. घर हिरालालांच्या नावावर होतं, त्यांनी मृत्युपत्र केलं नव्हतं, म्हणून मंगलाबाई आणि तिन्ही मुलं अशा चौघांचा त्यात सारखा हक्क आहे. बक्षीसपत्र करायचं तर चौघांनी मिळून करावं लागेल. एकानं जरी नाही म्हटलं तरी पूर्ण घर देता येणार नाही.

"आनि दिल्यावर?" विनोदनं विचारलं.

"दिल्यावर ते तुमचं राहत नाही," घनश्याम म्हणाले. "संस्थेले बी मनात आलं म्हनून विकता येत नाही, धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. उद्या संस्था बंद पडली तरी घर घरच्यांकडे येत नाही. असंच काम करनाऱ्या दुसऱ्या संस्थेकडे जाते. न्यासपत्रात तसं लिहावं लागते, नाही तर करमाफी भेटत नाही."

विनोदनं मान हलवली. त्याला हवं होतं ते उत्तर मिळाल्यासारखी ती मान होती. "आयकलं ना, आई? कधीच वापस नाही."

"म्हनूनच म्हनून राहिली," मंगलाबाई म्हणाल्या.

भावनाला आनंद व्हायला हवा होता आणि तो होत नव्हता. आईनं हे आपल्यासाठी केलं असं दादाला वाटतंय, हे तिला त्याच्या खांद्यांवरून कळत होतं. लहानपणी तो रुसला की असाच खांदे पुढे घेऊन बसायचा.

घनश्यामनी चष्मा काढून पुसला. "मावशी, एक गोष्ट अजून आहे. आधी सांगून देतो, मंग ठरवा."

ती गोष्ट सांगताना त्यांना अवघड गेलं. संस्था काढणारे, मोठी देणगी देणारे आणि त्यांच्या जवळचे नातेवाईक, यांनी संस्थेच्या मालमत्तेचा स्वतःसाठी फायदा घ्यायचा नाही, असा आयकराचा नियम आहे. घर संस्थेचं झालं आणि मंगलाबाई त्यात फुकट राहिल्या, तर तो फायदा धरला जाईल आणि संस्थेची करमाफी धोक्यात येईल.

"म्हनजे आईले ह्या घरात राहता येनार नाही?" धम्मदीपनं विचारलं.

"बाजारभावानं भाडं दिलं तर येईल."

"मंग मी भाडं देईन," मंगलाबाई लगेच म्हणाल्या. "पेन्शन आहे ना ह्यांची."

"स्वतःच्या घरात भाडं?"

"देल्यावर माझं राहिलं कुठं ते?"

त्या अगदी सरळपणे बोलल्या होत्या, पण धम्मदीपचा चेहरा पडला. त्यानं इतका वेळ घेतलेली बाजू तिथंच सोडली. आई महिन्याच्या महिन्याला भाड्याची पावती फाडून या स्वयंपाकघरात बसणार असेल, तर मला अशी संस्था नको, असं तो म्हणाला. विनोद म्हणाला, आईनं नागपूरला यावं, आपल्याकडे खोली रिकामी आहे. मंगलाबाई पोलक्याच्या बाहीचा सुटलेला धागा बोटाला गुंडाळत राहिल्या. आतापर्यंत दोन्ही भाऊ दोन टोकांना होते, ते एकाएकी एकीकडे झाले, आणि भावना एकटी पडली. तिनंच मग सांगितलं की मला हे घर नको, नाहरकत पुरे, विषय बंद करा. आणि ती चहा ठेवायला उठून गेली.

---

रत्नमाला तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात आली. नणंद-भावजयीत कधी भांडण नव्हतं आणि कधी फार जवळीकही नव्हती. रत्नमाला नागपूरच्या शाळेत शिकवायची, सणावारी यायची, जाताना तांदूळ घेऊन जायची. या घरात आपण बोलायचं किती आणि कुठं थांबायचं, हे तिनं लग्नानंतरच्या पहिल्या वर्षीच ठरवून घेतलं होतं. आज मात्र ती दार लोटून आत उभी राहिली.

"भावनाताई, तुमाले वाटत असन का हे जागेसाठी अडून बसले."

"तसं नाही, वहिनी."

"तसंच वाटून राहिलं तुमाले. मले बी वाटलं असतं." तिनं कपबशा ओट्यावर मांडायला घेतल्या. मग तिनं सांगितलं. विनोद वीज कंपनीच्या कामानं महिन्यातून एकदा तरी भंडाऱ्याला येतो. भावना लॅबमध्ये असते तेव्हा तो इथं येतो. पुढच्या दोनपैकी आतल्या खोलीत, कामिनीच्या खोलीत, कोणी पेशंट नसेल तर दार लावून घेतो आणि पलंगाच्या कडेला बसतो. झोपत नाही, फोन बघत नाही. आई दाराशी चहा ठेवते आणि हाक न मारता निघून जाते. मग तो नागपूरला परत येतो.

"मले बी कधी सांगतलं नाही," रत्नमाला म्हणाली. "आईनं सांगतलं. जागेचं काय, ती नसली तरी चालते आमाले. पन ती खोली सरकारी कागदावर गेली की तिथं बसाचा हक्क राहनार नाही, हे त्यांच्या मनात आहे. ते तसं बोलनार नाहीत."

भावनानं गॅस बारीक केला. त्या खोलीत किती पोरांना तिनं निजवलं होतं. पलंगाच्या कडेची चादर कधी कधी विस्कटलेली असायची, आणि आई दुपारी तिथं पडली असेल असं तिला वाटायचं.

तेवढ्यात बाहेर फाटक वाजलं.

---

रुखमिणी आली होती. लाखनीपलीकडच्या एका गावात तळ्याखाली तिच्या घरची धानाची शेती होती. तिची मुलगी मेघा चौथीत होती आणि या घराला चांगली ओळखीची होती. दोघी नागपूरच्या दवाखान्यातून सुट्टी होऊन बसनं परत निघाल्या होत्या. वाटेत पोरीचे पाय पुन्हा दुखायला लागले म्हणून रुखमिणीनं शहापूरला बस थांबवली आणि तिला पाठीवर घेऊन हायवेवरून चालत आली. घरात पाहुणे बघून ती पायरीवरच थबकली.

"कारेक्रम आहे का जी? मी बाहीरच बसतो."

"कारेक्रम झाला. आत घे तिले," मंगलाबाई म्हणाल्या.

मग कोणाला काही सांगावं लागलं नाही. भावनानं मेघाला आतल्या खोलीत नेलं, ताप बघितला, श्वास बघितला, डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या. ताप नव्हता, छातीत दुखत नव्हतं. तिनं सुट्टीच्या कागदावरचं दुखण्याचं औषध विचारलं. धम्मदीपनं ते रुखमिणीच्या पिशवीतून काढून दिलं आणि किती द्यायचं ते वाचलं. रत्नमालेनं पाणी तापायला ठेवलं. मंगलाबाईंनी पोरीला घोट घोट पाणी पाजायला सुरुवात केली. भावनानं रुखमिणीला सांगितलं की तासाभरात उतरलं नाही तर भंडाऱ्याच्या दवाखान्यात जायचं, गाडी दारात आहे.

गरम पिशवी पायाशी धरून बसायला कोणीतरी हवं होतं. विनोद दारात उभा होता. भावनानं पिशवी त्याच्या हातात दिली.

तो बसला. पिशवी कुठं धरायची, किती वेळ धरायची, कधी उचलायची, हे त्याच्या हातांना येत होतं. कामिनीचं दुखणं उठलं की बाबा डाव्या पायाशी आणि तो उजव्या पायाशी बसायचा. गुडघ्याच्या खाली जोरात दाबायचं नाही, तळहात नुसता ठेवायचा. तो तसा तळहात ठेवून बसला. मेघा दात आवळून छताकडे बघत होती. रडत नव्हती. रडून झालं असावं.

हळूहळू औषध लागू पडलं. तिचा जबडा सैल झाला, मान वळली, आणि तिची नजर भिंतीवर गेली. बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींच्या शेजारी कामिनीचा फोटो होता, कॉलेजच्या ओळखपत्रावरून मोठा केलेला.

"ही कोन आहे, काका?"

"माझी बहीन."

"भावनाताईपेक्षा मोठी?"

"हो."

"तिले बी सिकल होता का?"

विनोद म्हणाला, होता.

"मंग आता कुठं राहते ते?"

मंगलाबाई पाण्याचा पेला घेऊन दारात आल्या होत्या. त्या तिथंच थांबल्या. विनोदनं पिशवी उचलली, टॉवेल नीट गुंडाळला, पुन्हा पायाशी ठेवली.

"बाहीरगावी असते," तो म्हणाला.

"बरी झाली?"

"हो. बरी आहे."

मेघानं डोळे मिटले. थोड्या वेळानं ती झोपली. विनोद उठला नाही. त्याचा चेहरा भिंतीकडे होता, आणि मंगलाबाई आत न येता तशाच मागे फिरल्या.

---

मधल्या खोलीत पुन्हा सगळे बसले. चहा निवून गेला होता, तो तसाच प्यायले. रुखमिणी मुलीजवळ होती.

विनोद सगळ्यात शेवटी आला आणि उभ्यानंच घनश्यामना विचारू लागला. पूर्ण घर न देता अर्धं देता येतं का? पुढच्या दोन खोल्या आणि अंगण संस्थेला, मधली खोली, स्वयंपाकघर आणि मागची पडवी आईला. घनश्याम म्हणाले की येतं, आणि खरं तर तेच बरं. नकाशा काढून हद्दी लिहाव्या लागतील. मधे पक्की भिंत हवी, वीजमीटर वेगळं हवं, येण्याजाण्याचं दार वेगळं हवं. मग मावशी स्वतःच्या घरात राहतील आणि संस्थेचं संस्थेजवळ राहील. कुणाला बोट दाखवायला जागा उरणार नाही.

"पुढच्या दोन का?" भावना म्हणाली. "दादा, बाहेरची एक पुरे मले. आतली राहू दे आपल्याकडे. भिंत दोन्ही खोल्यांच्या मधून घेता येते."

विनोदनं तिच्याकडे पाहिलं, मग रत्नमालेकडे. रत्नमाला कपबशा गोळा करण्यात गुंतली होती. त्याला कळलं असावं.

"बाहेरच्या खोलीत गाड्यांचा आवाज येते," तो म्हणाला. "पोरगी झोपली असती का तिथं?"

त्यानंतर त्यानं एकच गोष्ट विचारली, आणि ती विचारताना तो खिडकीबाहेर बघत होता. खोली संस्थेची झाल्यावर, देणाऱ्या घरातल्या माणसाला तिथं येऊन बसता येईल का.

घनश्यामना या प्रश्नामागचं काही माहीत नव्हतं. त्यांनी कायद्याचं उत्तर दिलं. "राहता येनार नाही. स्वतःसाठी वापरता येनार नाही. पन ती सार्वजनिक संस्था राहील, विनोदभाऊ. आजाऱ्यापाशी येऊन बसनाऱ्याले कोन नाही म्हननार?"

विनोद खाली बसला. त्या दुपारी पहिल्यांदाच तो भिंतीला पाठ टेकून बसला.

बाकीचं बोलणं मग सोपं गेलं. घनश्यामनी विश्वस्तांचं विचारलं आणि सांगितलं की सगळे एकाच घरचे घेऊ नका. काम लोकांचं आहे तर माणसं लोकांतली असू द्या. भावना आणि धम्मदीप घरातले. बाहेरून निवृत्त नर्स कौशल्याबाई, शाळेतले बाबूलाल गुरुजी. आणि मंगलाबाई म्हणाल्या, रुखमिणी. रुखमिणीला आतून बोलावून विचारलं, तर ती घाबरली. मला सहीपुरतंच लिहिता येतं, मी काय करू तिथं. भावना तिला म्हणाली, पाठीवर पोरगी घेऊन हायवेवरून चालावं लागतं तेव्हा काय लागतं, ते तू सांगायचं. बाकी आम्ही बघू. विनोदनं विश्वस्त व्हायला नकार दिला आणि कोणी आग्रह केला नाही.

शेवटी नावाचं निघालं. घनश्यामनी पेन उघडून भावनाकडे पाहिलं. नाव तर ठरलेलंच होतं. गेली दोन वर्षं भावना ते मनात बाळगून होती. ती म्हणाली, "कामिनी हिरालाल टेंभुर्णे सिकलसेल..."

"नाही," मंगलाबाई म्हणाल्या.

घनश्यामनी पेन कागदावरून उचललं.

"तिचं नाव नाही द्यायचं."

"आई, तिच्यासाठीच तर आहे ना हे," भावना म्हणाली.

"तिच्यासाठी तुमच्या बाबानं केलं. आता हे त्या लेकरांसाठी आहे." मंगलाबाईंनी आतल्या खोलीकडे हात केला. "पाटीवर नाव असन, त प्रत्येक लेकरू विचारन, ही कोन. मंग का सांगाचं? दर वेळेस बाहीरगावी गेली म्हनाचं? दुखून राहिलेल्या पोरीले मेलेल्या पोरीच्या पाटीखाली निजवाचं नाही."

विनोद मान खाली घालून बसला होता. त्याच्या आईनं पुढे सरकून त्याच्या पाठीवर हात ठेवला, लहानपणी ठेवायची तसा, आणि तो काढला नाही.

भावनानं विचारलं की मग काय नाव द्यायचं. सुचवलं ते रत्नमालेनं, दारातूनच, कपबशांचा ट्रे हातात धरून. "सोबत," ती म्हणाली. "नुस्तं तेवढंच. सोबत."

घनश्यामनी लिहून घेतलं. कार्यालयात याच नावाची दुसरी संस्था आहे का ते बघावं लागेल, असं ते म्हणाले, पण लिहिलं.

दिवस उतरायला लागल्यावर मेघा उठली आणि तिनं खायला मागितलं. खीर उरली होती. धम्मदीपला साकोलीला लाखनीवरूनच जायचं होतं, तेव्हा त्याच्या गाडीत दोघी मायलेकींची सोय झाली. सगळे बाहेर निरोपाला उभे असताना विनोद आत गेला, स्टूलवर चढून त्यानं कामिनीचा फोटो खिळ्यावरून काढला, बाहेर आणला आणि आईला विचारलं की स्वयंपाकघरात लावू का.

"तिथं धूर लागन," मंगलाबाई म्हणाल्या. "मधल्या खोलीत लाव. माझ्या बाजूले."

---

संस्थेची नोंदणी व्हायला उन्हाळा लागला. धर्मादाय कार्यालयानं कागद दोनदा परत केले, एकदा विश्वस्ताच्या पत्त्यात चूक होती म्हणून, एकदा नकाशावर सही राहिली म्हणून. मग आयकराकडची करमाफीची आणि देणगीदारांना सवलतीची तात्पुरती नोंदणी आली. घनश्यामनी भावनाला नवीन सवयी लावल्या: मिळालेल्या पैशाचा मोठा भाग त्याच वर्षी कामावर खर्च करायचा, रोख देणगी घेताना जपून घ्यायची, परदेशातून कोणी पाठवतो म्हणालं तर वेगळ्या परवानगीशिवाय हात लावायचा नाही. शहापूरच्या घरात गवंडी आला, मधली भिंत उठली, आणि पुढच्या खोल्यांचं मीटर वेगळं झालं. ते मीटर विनोदनं स्वतः उभं राहून बसवून घेतलं.

बक्षीसपत्राच्या दिवशी सगळे दुय्यम निबंधक कार्यालयात जमले. देणारे चौघं एका बाकावर बसले. भावना देणारीही होती आणि विश्वस्तही, म्हणून घेणाऱ्याची सही दुसऱ्या कोणी करावी असं घनश्यामनी सुचवलं होतं, आणि संस्थेनं ठराव करून ते काम रुखमिणीला दिलं होतं. ती नवं लुगडं नेसून आली होती, आणि सही चुकू नये म्हणून सकाळपासून तळहातावर बोटानं गिरवत होती.

एकेकाचा अंगठा यंत्रावर घेतला गेला, फोटो काढला गेला. मंगलाबाईंची पाळी आली तेव्हा टेबलामागच्या अधिकाऱ्यांनी कागद पुढे ओढला. त्यांनी चष्म्यावरून पाहत नियमाप्रमाणे विचारलं की आजी, ही मिळकत तुम्ही स्वखुशीनं देत आहात ना, आणि यापुढे तिच्यावर तुमचा किंवा तुमच्या वारसांचा कोणताही हक्क राहणार नाही, हे तुम्हाला समजलं आहे ना.

बाहेर टायपिंगवाल्यांचा गलबला होता, पंखा कडकडत होता. मंगलाबाईंना नीट ऐकू गेलं नाही. त्यांनी विनोदकडे पाहिलं.

विनोद आईच्या कानाशी वाकला. ते वाक्य आता त्यालाच बोलायचं होतं.

"आई, साहेब विचारून राहिले. पुढच्या खोल्या आता कधीच वापस येनार नाही. तुले नाही, आमाले बी नाही. समजलं का?"

मंगलाबाईंनी त्याच्या चेहऱ्याकडे नीट पाहून घेतलं.

"तुले समजलं का?"

"हो," विनोद म्हणाला.

"मंग मले बी समजलं," त्या म्हणाल्या, आणि यंत्रावर अंगठा ठेवला.